मंडळाची पातेली

फार वर्षांमागे एका गावात एक मंडळ होते. मंडळाने साऱ्या गावासाठी पंगतीची मोठमोठी पातेली घेऊन ठेवली होती. कुणाकडे कार्य निघाले की पातेली न्यावीत आणि त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत घासून परत आणावीत, असा नियम. तो केला होता मंडळाच्या कारभाऱ्याने, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

पण पातेली यायची ती खरकटी, काजळीने माखलेली. कारभाऱ्याच्या मते गावच आळशी. आपले काही चुकले असेल, ही शंका त्याच्याकडे कधी फिरकलीच नाही. सगुणा नावाच्या एका विधवेला तर त्याने भर चावडीत विचारले, "पंगती उठवता येतात, पातेलं घासता येत नाही?" ती पाठ फिरवून घरी निघून गेली.

पुढे सगुणाच्या मुलीचे लग्न ठरले. पातेली मागायला ती आलीच नाही. घरातल्या लहान भांड्यांत भात पुरा पडेना. वऱ्हाडी अर्धपोटी उठले आणि नवरीला सासरी पहिल्याच दिवशी टोमणे खावे लागले.

हे कळल्यावर मंडळातली माणसे म्हणाली, रागावणे पुरे, आता काही करून बघू. त्यांनी पातेल्यांबरोबर राख आणि नारळाची शेंडी दिली. काही फरक पडेना. मग पुढच्या कार्याला कारभारी स्वतःच पातेल्यांबरोबर गेला आणि शेवटपर्यंत थांबला.

शेवटची पंगत उठली तेव्हा ऊन कलले होते. घरात पाणी पिण्यापुरतेच, आणि ओढा गावाबाहेर. तिथे घासत बसावे तर दिवेलागण टळणार. म्हणून बायका वरवरचे खरकटे पुसून पातेली तशीच मंडळाकडे पळवत होत्या. कारभाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मंडळाने मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाढवली. पातेली लख्ख येऊ लागली. लागोपाठ कार्ये आली तेव्हा पातेली वेळेवर मोकळी होईनात आणि पंचाईत झाली, पण या वेळी घराघरांत विचारून नियम पुन्हा बदलला.

कारभारी सगुणाच्या दारी गेला. म्हणाला, "बाई, चूक माझी होती. तेव्हाच तुला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं, कारभारी," ती म्हणाली. "आता पातेली लख्ख झाली. पण माझ्या लेकीचं लग्न पुन्हा थोडंच होणार आहे?"



तात्पर्य: काम बिघडले की बोल लावण्याआधी जवळ जाऊन बघावे, विचारावे, बदल करून पाहावा. उशिरा वाटलेल्या लाजेने झालेले नुकसान भरून निघत नाही.