चुलीपुढची कोकरं

रेवणगीर महाराज खडकीमाळावर नेमके कधी आले, हे वस्तीत कुणालाच सांगता येत नसे. एका उन्हाळ्यात टेकडीवरच्या बिरोबाच्या देवळात एक गोसावी उतरला, पाऊस लागला की निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं, आणि महाराज काही गेले नाहीत. टेकडीखाली धनगरांची थोडी घरं, भोवती उघडा माळ, मधून एक ओढा, आणि तोही वर्षातले बरेचसे महिने कोरडा. अशा जागी साधुपुरुषाने का राहावं? कुणी विचारलं तर महाराज म्हणत, "इथं मेंढरं फार आणि बोलणारे कमी. बरं पडतं." लोक हसत, महाराजही हसत. पण मन थाऱ्यावर नसलं की माणूस टेकडी चढे आणि उतरताना हलका होऊन उतरे, एवढं मात्र सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

त्या वस्तीत सारजाबाई राहत असे. तिचा नवरा भिवा तापाने गेला होता. मूलबाळ नव्हतं. एक शेळी, एक झोपडं आणि भिवाची काळी घोंगडी, एवढाच तिचा संसार. तिचा थोरला चुलतदीर येसबा याचा कळप वस्तीत सगळ्यांत मोठा होता. त्याचं तोंडही त्याच मापाचं होतं. माणूस वाईट नव्हता, पण मेंढरांतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी त्याची खात्री होती, आणि ती खात्री तो दिवसातून बरेचदा बोलून दाखवी.

त्या साली थंडी कडाक्याची पडली आणि मेंढ्यांत खोकला शिरला. कित्येक मेंढ्या व्याल्या आणि गेल्या. मागे उरली ओली, लटपटती कोकरं. दुसरी मेंढी परक्या कोकराला अंगाला लावून घेत नाही. येसबाने ती कोकरं कुंपणाबाहेर काढून ठेवली, म्हणजे काय ते समजून घ्यावं. सारजेने ते पाहिलं आणि ती कोकरं पदरात भरायला लागली.

"ने, ने," येसबा म्हणाला. "चार दिसांत पुरायला मलाच बोलवशील."

सारजेने त्याला बोलावलं नाही. कापसाचा बोळा शेळीच्या दुधात भिजवून ती एकेकाच्या तोंडात धरी. चुलीपुढे भिवाची घोंगडी अंथरून त्यावर त्यांना निजवी आणि उरलेली त्यांच्या अंगावर ओढी. दिवसभर तिची हाक चाले, "या गं बायांनो, या!" आणि ती चिमुकली खुरं झोपडीभर तिच्यामागे वाजत. त्यांतल्या कपाळावर काळा ठिपका असलेल्या एकीचं नाव तिने ठिपकी ठेवलं. कित्येक वर्षांत त्या झोपडीत कुणी कुणाला नावाने हाक मारली नव्हती. सारजा सुखावली होती, आणि तिथेच तिची चूक झाली.

कोकरं वाढली, अंगावर लोकर दाटली, तरी ती चुलीपुढेच. बाहेर गार वारं सुटलं की सारजा दार लावून घेई. भाकरीचा कुस्करा घाली, ताक पाजी. थंडी सरल्यावर एकदा मनाचा हिय्या करून ती त्यांना येसबाच्या वाघरात, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, घेऊन गेली. मेंढ्यांनी त्यांना हुंगलं आणि ढुशा देऊन बाहेर काढलं. कोकरं ओरडत धावली ती थेट सारजेच्या लुगड्यात शिरली.

येसबाला हसू आवरेना. "ही मेंढरं न्हाईत, सारजा. चुलीपुढची मांजरं हाईत. ह्यांना चरता येत न्हाई, कळपात ऱ्हाता येत न्हाई." मग हसू थांबवून तो म्हणाला, "पाडव्याला कळप लांबच्या कुरणावर जाणार. तवर जी चालली ती आपली. जी चालणार न्हाईत ती बाजारात खाटकाला."

"भावजी, असं करू नगा."

"मग काय करू? सांग तुझ्या गोसाव्याला, कायतरी मंतर घाल म्हनावं. त्याला मेंढरातलं लई कळतंय न्हवं?"

सारजा रडत टेकडी चढली. महाराज देवळाच्या पायरीवर बसून उन्हात पाय शेकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मंत्र घातला नाही, अंगारा दिला नाही. फक्त विचारलं, "तू त्यांना दिवसातून किती वेळा हाक मारतेस?"

"दिसभर मारते, म्हाराज. दुसरं हाय कोन मला हाक मारायला?"

महाराजांनी तिला पायरीवर बसवलं. मग म्हणाले, "सारजे, दूध तू दिलंस. ऊब तू दिलीस. आता त्यांना माळ द्यायचा राहिला. मेंढ्या त्यांना का ढकलतात ठाऊक आहे? त्यांच्या अंगाला धुराचा वास येतो, तुझा वास येतो. भिवाची घोंगडी आहे ना? ती येसबाच्या वाघरात नेऊन अंथर. मेंढ्या त्यावर बसू देत, लोळू देत. मग ती आण आणि कोकरांना अंगणात तिच्यावर निजव. चुलीपुढे नाही, अंगणात. आणि मी सांगेपर्यंत त्यांना हाक मारू नकोस."

दुधाचं सारजेला पटलं, माळाचं पटलं. घोंगडी मात्र घशात अडकली. भिवा गेल्यापासून तिने ती धुतलीसुद्धा नव्हती. "म्हाराज, माझ्या धन्याच्या अंगाचा वास हाय अजून तिला."

"म्हणूनच ती दे म्हणतो," महाराज हळूच म्हणाले.

सारजेने घोंगडी दिली. ती वाघरात अंथरताना येसबा चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता मेंढरांना गादी आली. उद्या उशी आणल." काही दिवसांनी घोंगडी परत आली तेव्हा तिला लेंड्यांचा, ओल्या लोकरीचा, कळपाचा वास होता. भिवाचा वास कुठे गेला, ते कळेना. त्या संध्याकाळी सारजा पोटभर रडली आणि मग उठून तिने ती घोंगडी अंगणात अंथरली.

आधी नुसतं दिवसा अंगण. मग संध्याकाळचा गारवा. मग झोपडीचं दार लावून कोकरं रात्रभर बाहेर. ती दारावर डोकी आपटत आणि सारजा आतून दाराला पाठ लावून, तोंडात पदराचा बोळा कोंबून बसे. आपल्याच लेकरांना हाक मारायची नाही, हे केवढं कठीण असतं! हळूहळू दारावरची धडक कमी झाली. अंगणाच्या कडेची हरळी कुरतडल्याचा आवाज येऊ लागला. आणि एका सकाळी तिने त्यांना वाघराच्या तोंडाशी नेऊन सोडलं, तेव्हा एका म्हाताऱ्या मेंढीने ठिपकीला हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि मान फिरवून चरायला लागली. ढुशी दिली नाही.

"बघू किती टिकत्यात ते," येसबा म्हणाला.

कोकरं कळपासोबत माळावर जाऊ लागली. चरत होती ती, पण कळपाच्या कडेकडेने, आणि मध्येच माना वर करून वस्तीकडे बघत. ते बघवत नसे म्हणून सारजा दिवसा टेकडीवर महाराजांपाशी येऊन बसे आणि लोकर पिंजत राही. हाक गळ्यापर्यंत येई आणि ती गिळून टाकी.

पाडवा जवळ आला होता. दुपारी उन्हाच्या तडाख्याने येसबाचा कळप ओढ्यात उतरला होता. कोरड्या पात्रात बाभळींची सावली असे आणि खाली शेंगा पडलेल्या असत. बघता बघता वरच्या डोंगरावर आभाळ काळं झालं, वारं सुटलं आणि गारांचा मारा सुरू झाला. महाराज आणि सारजा देवळाच्या ओसरीत सरकले. तिथून ओढा दिसत होता. गारा लागल्या की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात आणि जागची हलत नाहीत. मारलं तरी नाही, ओढलं तरी नाही. कळपाचा एकच घट्ट गोळा झाला होता आणि येसबा काठी टाकून दोन्ही हातांनी एकेक मेंढी काठाकडे ओढत होता. ती सुटून परत गोळ्यात शिरत होती.

आणि वरच्या वळणावर सारजेला गढूळ पाणी दिसलं.

"म्हाराज, वढा आला!" ती उभी राहिली. "समदी जात्याल. भावजीबी जात्याल."

महाराजांनी डोळे मिटले होते. ते म्हणाले, "आता मार हाक."

"एवढ्या लांब? वारं उलटं हाय, म्हाराज. गारांत माझंच मला ऐकू येईना, तिथं कसं पोचंल?"

"पोचवणं तुझ्याकडे नाही. तू फक्त मार."

इतक्या दिवसांची गिळलेली हाक सारजेच्या गळ्यात होतीच. तिने ओसरीच्या कडेला येऊन ती सोडली, "या गं बायांनो, या!" वाऱ्याने ती तिच्याच तोंडावर परत फेकली. तिने पुन्हा मारली. महाराजांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

खाली त्या गोळ्याच्या कडेला काहीतरी हललं. एक पांढरा ठिपका सुटला, मग दुसरा. ठिपकी काठ चढत होती आणि तिच्यामागे बाकीची कोकरं. त्यांच्यामागे ती म्हातारी मेंढी निघाली. एक मेंढी चालली की कळप चालतो, हे आपण सगळे जाणतो. तो सगळा गोळा उलगडला आणि काठावरून वर येऊ लागला. शेवटची मेंढरं येसबाने ढकलून वर काढली आणि तो स्वतः काठावर पडला, तेव्हा पाण्याने त्याची टाकलेली काठी उचलून नेली.

गारा थांबल्यावर महाराज सारजेला घेऊन वाघरापाशी उतरले. येसबा चिखलाने माखून बसला होता. सारजेला पाहताच तो म्हणाला, "तू वढ्याकाठी कवा आलीस?"

"मी कुठली? मी देवळातच हुते, भावजी."

"खोटं बोलू नगंस. माझ्या कानापाशी मारलीस हाक. 'या गं बायांनो' म्हनलीस. मी मागं वळून बघितलं, तर कुनीच न्हाई."

सारजेने महाराजांकडे पाहिलं. येसबानेही पाहिलं. मग त्याचा चेहरा उतरला. डोक्याचं भिजलं पागोटं काढून त्याने महाराजांच्या पायांवर ठेवलं आणि तिथेच डोकं टेकलं. "चुकलं, म्हाराज. लई बोललो मी."

महाराजांनी त्याला उठवलं. "मी कुठे काय केलं? कळप वाचला तो चुलीपुढच्या मांजरांनी. आणि हाक ज्यांची होती त्या इथं उभ्या आहेत."

येसबा सारजेकडे वळला. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीच्या पाया पडायचं, असं त्या वस्तीत कधी झालं नव्हतं. सारजा घाबरून दोन पावलं मागे सरली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढू लागली. तो तेवढ्यात म्हणाला, "गारठल्यात सारजा, तुझी लेकरं. आजच्या दिस घरी ने. चूल पेटव."

वाघराच्या जाळीपाशी ठिपकी आली होती. सारजेने हात पुढे केला. ठिपकीने तो हुंगला, चाटला, क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग ती वळली आणि मेंढ्यांच्या गर्दीत त्या म्हाताऱ्या मेंढीच्या कुशीला जाऊन बसली.

सारजेच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी ती म्हणाली, "न्हाई, भावजी. घरीच हाईत ती."

हे ऐकलं आणि येसबाला राहवलं नाही. साऱ्या वस्तीदेखत तो खाली वाकला आणि सारजेच्या चिखलाने भरलेल्या पायांवर त्याने आपलं उघडं डोकं ठेवलं. मागे रेवणगीर महाराज हात जोडून उभे होते.