ठकू काचारणीचं बोंडलं

आज कुंभेरीत जी माणसं नव्वदीला टेकली आहेत, त्यांचे खापरपणजोबा रांगत होते, तेव्हाची ही हकिगत. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, काचाऱ्यांची सात घरं होती. सहा घरांत भट्ट्या होत्या आणि बांगड्या होत. सातवं घर ठकूचं. तिच्याकडे भट्टी नव्हती. करडईच्या तेलाचा दिवा, पायानं दाबायचा लहानसा भाता आणि भात्याच्या वाऱ्यानं सुईसारखी टोकदार होणारी ज्योत, एवढ्यावर तिचं काम चाले. त्या ज्योतीत काचेची कांडी धरून ती मणी करी, अत्तराच्या कुप्या करी. तिनं केलेल्या काचेच्या फुलांवर मधमाश्या येऊन बसत, असं म्हणतात.

ही विद्या तिला बापानं, दौलू काचाऱ्यानं दिली होती. देताना दिव्यावर हात धरायला लावून शब्द घेतला होता, की घराबाहेरच्या कुणाला शिकवायची नाही. ठकूचा नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. विद्या आपल्याबरोबरच जाणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला फारसं काही वाटतही नव्हतं.

एका चैत्रात धनगरवाड्यावरची सगुणा तीन दिवसांचं पोर घेऊन तिच्या दारात आली. पोराची टाळू दुभंगलेली होती. त्याला अंगावरचं दूध ओढता येईना. पाटलाच्या घरचं तान्ह्याला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं मागून आणलं, तर त्याच्या जाड चोचीतून दूध भसकन येई आणि पोराच्या नाकातून बाहेर पडे. सासू म्हणाली होती, हा जगायचा न्हाई, आता ह्याला कडेला ठेव.

"ठकूमावशी," सगुणा म्हणाली, "तुम्ही काचेची बारीक नळी करता म्हणं. ह्याच्या जिभेमागं थेंब थेंब जाईल, अशी चोच करून द्या."

"मी मणी करते. पोरं जगवणं माझं काम न्हाई."

"मग कुणाचं हाय, ते तरी सांगा."

ठकूनं दिवा लावला. ती दिव्यापाशी बसली.

तिनं फुंकणीनं काचेचं लिंबाएवढं पोट फुगवलं आणि त्याला बगळ्याच्या मानेसारखी चोच ओढली. कोमट दूध ओतताच ते तडकलं. दुसरं केलं, तेही तडकलं. मग तिच्या ध्यानात आलं, की पोट जाड, चोच पातळ. दोन्ही एका वेगानं निवत नाहीत. तिसरं तिनं सावकाश निवावं म्हणून ऊन राखेत पुरलं.

"उद्या ह्याच वेळेला निघेल," ती म्हणाली.

"तवर हा ऱ्हाईल का?"

"ते मला ठाऊक न्हाई. पण आत्ता काढलं तर तडकेल, आन काचेचा कण ह्याच्या घशात जाईल."

तिनं एक गुळगुळीत कांडी घेतली, शेळीच्या दुधात बुडवली आणि पोराच्या जिभेमागं एक थेंब सोडला. मग दुसरा. आयुष्यात तिनं तान्हं पोर मांडीवर घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर येईपर्यंत ती जागची हलली नाही. त्या वेळात सगुणाच्या शेळ्या वाड्यावरून आपणहून चालत आल्या आणि पाळीनं दारात उभ्या राहिल्या, असं म्हणतात.

बोंडलं राखेतून निघालं. दूध ओतलं, ते तडकलं नाही. पोर प्यायलं, आणि पोट भरल्यावर जन्मल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडलं. त्याचं नाव बिरू. तो पुढं शहाण्णव वर्षं जगला. तो नाकातून बोलायचा आणि त्याचं बोलणं आई, ठकू आणि शेळ्या सोडून कुणाला नीट कळत नसे.

मग बारा गावांतून अशी पोरं येऊ लागली. एका बोंडल्याला पुरा दिवस लागे आणि करणारे हात दोनच. एकदा लांबून एक बाई मुलगी घेऊन आली. तिच्या आधी तिघी बसलेल्या होत्या. तिची पाळी यायच्या आत, अंगणातल्या लिंबाखाली, तिची मुलगी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूनं सगुणाला बोलावून घेतलं.

"बस इथं. भात्यावर पाय ठेव."

महिना गेला नाही तोच काचाऱ्यांचे पंच आले. त्यांच्यातले महादबा वयानं सर्वांत मोठे. ते म्हणाले, "ठके, बापाला दिलेला शब्द मोडलास."

"मोडला," ती म्हणाली. "जाब त्यालाच देईन. भेट व्हायला आता फार दिवस न्हाईत."

पंचांनी तिला वाळीत टाकलं. तिला कुणी काच देईना. तेव्हा बायका पदरात घरोघरच्या फुटक्या बांगड्या गोळा करून आणू लागल्या. ठकूनं त्या वितळवल्या आणि शिकायला येईल त्याला शिकवलं. कोण कुठल्या घरचा हे विचारलं नाही. बापाचा चेहरा आठवून तिला रोज वाईट वाटे, आणि ती रोज शिकवायला बसे.

तिचा शेवट दोन तऱ्हांनी सांगतात. काही म्हणतात, ती तापानं गेली आणि सगुणा उशाशी होती. काही म्हणतात, भर दुपारी शिकवताना तिनं फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकतच राहिली. काच फुगली, पातळ झाली, इतकी पातळ की दिसेना. शिकणाऱ्यांनी पाहिलं तेव्हा फुंकणी जमिनीवर होती, ऊन होती, आणि ठकूच्या पाटावर कुणी नव्हतं.

काचाऱ्यांच्या भट्ट्या केव्हाच विझल्या. ओढ्याकाठी एक लहानशी कार्यशाळा मात्र चालू आहे. आता तिथं गॅसची ज्योत आहे आणि शहरातूनही माणसं शिकायला येतात. कुणालाही पहिली वस्तू बोंडलंच करावी लागते. ते तडकलं तर कुणी रागावत नाही. ठकूचीही दोन तडकली होती, एवढंच सांगतात. टिकलं, तर ते टाळू दुभंगलेल्या पोराच्या घरी पोचतं. पोर हातानं जेवायला लागलं, की आईनं बोंडलं परत आणायचं. पोराच्या डोळ्यांदेखत ते ज्योतीत धरतात आणि त्या काचेचा मणी करून पोराच्या गळ्यात बांधतात. ही रीत ठकूनंच घालून दिली, असं म्हणतात. त्यामुळे तिच्या हातचं बोंडलं बघायला म्हणून कुणी कुंभेरीला गेलं, तर दाखवायला तिथं एकही नाही.