तरंगता गोळा

वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी कूलर दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री राहत. शाळेत ते गेले नव्हते. पण मोटरीवर हात ठेवला की तिचं दुखणं त्यांना कळे. त्यांची शिष्या म्हणजे त्यांचीच सून, कुंदा. ती आयटीआयमध्ये वीजकाम शिकलेली. सासरे तिला हाताचं ज्ञान देत, ती त्यांना पुस्तकातलं वाचून दाखवी.

त्याच गावात भांड्यांचा एक मोठा व्यापारी होता. त्याची आई वयोवृद्ध, गुडघ्यांनी अधू, दिवसभर मागच्या खोलीत पडून असे. आदल्या साली तिला ऊन लागून जीवावरचं दुखणं झालं होतं, म्हणून मुलगा फार जपत असे. तिच्या खोलीमागच्या गॅलरीत कूलर बसवला होता. गॅलरीत जायची वाट त्याच खोलीतून. यंदा व्यापाऱ्यानं मिस्त्रींना सांगून त्या कूलरला टाकीवरून थेट पाइप आणवला आणि आत तरंगत्या गोळ्याचा नळ लावून घेतला. पाणी कमी झालं की गोळा खाली जाई, नळ सुटे. टब भरला की आपसूक बंद. पाणी भरायची कटकट मिटली.

आणि तेव्हापासून आईच्या तक्रारी सुरू झाल्या. पहिल्यांदा म्हणाली, वारा गार लागत नाही. मिस्त्रींनी वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. मग म्हणाली, पंखा आवाज करतो. तेल दिलं. मग म्हणाली, पाण्याला वास येतो. टब घासून काढला. चौथ्यांदा निरोप आला तेव्हा व्यापारी दारातच उभा होता.

"मिस्त्रीबाबा, आज शेवटचं बघा. आज नाही जमलं तर मी हा कूलर भंगारात काढतो अन् एसी बसवतो. मग खोलीचं दार लावून घेतलं की झालं. पुन्हा कोणाला यायला नको."

कुंदानं सगळं उघडून पाहिलं. पंप चालू, ताट्या ओल्या, वारा थंडगार. ती म्हणाली, "आजी, यात काहीच खराब नाही."

"असं कसं पोरी? बस बरं जराशी. पन्हं घे. तुले लेकरं किती?"

कुंदा बसली. आजींनी तिचं माहेर विचारलं, नवऱ्याचं काम विचारलं, तिच्या आईच्या हातचं लोणचं कसं होतं तेही विचारलं. त्या अर्ध्या घटकेत कूलरचं नाव निघालं नाही. कुंदा पिशवी उचलून उठली, तशा त्या म्हणाल्या, "आता ऐक, पुन्हा घरघर करून राह्यला पाहा."

मिस्त्री इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होते. ते उठले, गॅलरीत गेले, पाइप बंद केला आणि तो गोळ्याचा नळ सोडवून पिशवीत टाकला. बाहेर येऊन व्यापाऱ्याला म्हणाले, "हा नळ महिनाभर माझ्यापाशी राहू द्या. तोवर बादलीनं पाणी भरा. सकाळी एकदा, दिवे लागायच्या आधी एकदा."

"नोकराला सांगतो."

"नोकर नको. पाणी कमी पडलं तर पंप जळते, जास्त झालं तर खोलीत वाहून येते. घरच्या माणसाचं ध्यान पायजे. तुम्हीच भरा."

व्यापारी कुरकुरला, पण म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवेना.

रस्त्यात दोघं कडुनिंबाखाली सावलीला थांबले तेव्हा कुंदा म्हणाली, "मामाजी, नळ चांगला होता. तुम्ही चालतं काम बंद पाडलंत. वरून त्यांना फसवलंत."

"मी नळ खराब आहे म्हटलं का?"

"नाही."

"मंग?" मिस्त्रींनी उपरण्यानं मान पुसली आणि सावकाश सांगू लागले. "कुंदा, मागच्या साली त्या खोलीत दिवसातून दोनदा बादली जात होती. बादली काही एकटी जात नाही. तिच्यासंगं कधी मुलगा जाये, कधी सून, कधी नातू. टब भरायले दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं माणूस काय मुकं राहते? 'कसं वाटते माय?' एवढं तरी पुसते. आपण नळ लावला, बादली बंद झाली. बादलीसंगं माणूसही बंद झालं. म्हातारीले तेवढं सांगता येत नाही. लेकाले कसं म्हणावं, की तू येत नाहीस म्हणून? म्हणून ते म्हणते, वारा गार लागत नाही. ते खोटं नाही बोलत. तिले खरंच लागत नाही."

थोडं थांबून ते म्हणाले, "तो नळ मीच लावला होता ना. लावताना मले फक्त पाणी दिसलं. म्हणून काढायचाही मीच."

कुंदानं नळ पिशवीतून काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

महिनाभर त्या घरून एकही निरोप आला नाही. ठरल्या दिवशी दोघं नळ घेऊन गेले. दिवे लागायची वेळ होती. व्यापारी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आईच्या खाटेशी स्टुलावर बसला होता, शेजारी रिकामी बादली. फरशीवर गॅलरीपर्यंत पाण्याची ओळ. आई रागावत होती, "एवढा मोठा झाला, पण बादली काही सरळ धरता येत नाही तुले. तुया बापाचंही असंच होतं." आणि मुलगा हसत होता.

मिस्त्रींना पाहून तो म्हणाला, "कूलर झक्क चालला आहे बरं. माय आता पहाटे चादर मागते."

मिस्त्रींनी नळ त्याच्या हातात ठेवला. "यात काहीच बिघाड नव्हता शेठ. म्हणाल तर आत्ता लावून देतो."

व्यापाऱ्यानं नळाकडे पाहिलं. गोळा बोटानं वरखाली केला. मग आईकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"काय आहे रे ते?" आईनं विचारलं.

"काही नाही माय. राहू दे सध्या," म्हणत त्यानं नळ फडताळात ठेवला आणि बादली उचलली. "अजून एक आणतो. टब अर्धाच भरला आहे."

घरात नवी सोय आणताना एवढं पाहून घ्यावं, की आजवर त्या कामाच्या निमित्तानं कोण कोणाजवळ येत होतं.