व्हालरूजच्या पावावरचा क्रूस

दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातले व्हालरूज हे पूर्वापार प्रोटेस्टंटांचे गाव. त्यांच्या प्रार्थनाघराच्या भिंतीवरसुद्धा क्रूस नाही. तरी नवी सून पहिला पाव कापायला घेते तेव्हा तो उलटा करून सुरीने त्यावर क्रूस ओढते. हे कसे, ते आमच्या नव्वदीच्या घरमालकीणबाईंनी, वेदेलबाईंनी, सांगितले.

राजाने म्हणे ह्यूगनोंचा, म्हणजे या प्रोटेस्टंटांचा, धर्मच बेकायदा ठरवला होता. घरात बायबल सापडले की पुरुषाला जन्मभर गलबतावर वल्ही मारायला धाडत. अशा दिवसांत गावातल्या ज्युडिथच्या मुलाने, आब्रामने, खालच्या कॅथलिक गावातली क्लोदीन करून आणली. तिने नवऱ्याचा धर्म घेतला, पण पावावर क्रूस ओढायची माहेरची सवय सुटेना.

"आमच्यात अन्नावर रेघोट्या ओढत नाहीत," सासू म्हणे. सून झऱ्यावर गेली तरी कुणाशी बोलली याची चौकशी होई. बायबल कुठे असते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. झडतीची कुणकुण लागताच सासूने तिला शेळ्यांकडे पिटाळले आणि पुस्तक कणकेत गुंडाळून भट्टीत घातले.

क्लोदीन परतली तेव्हा शिपाई घर उलटेपालटे करून दमले होते. त्यांचा नायक मेजाशी बसला होता, भट्टीतून काढलेला तोच पाव समोर होता.

"म्हातारे, धर्म सोडला म्हणतेस ना? मग काप बघू पाव, खऱ्या कॅथलिकासारखा!"

ज्युडिथचा हात उचलेना. पाव कापला की पुस्तक दिसणार आणि आब्राम जाणार.

क्लोदीनने पाव उचलला. तो नेहमीपेक्षा जड लागला, असे सांगतात. तिने सासूकडे एकदा पाहिले, ठसठशीत क्रूस ओढला आणि कडेचा तुकडा कापून नायकापुढे टाकला.

"बाकीचा माझ्या माहेरच्या पाद्रीबाबांना न्यायचाय. त्यांना सांगू का, तुम्ही खाल्लात म्हणून?"

"ही आपल्यातलीच की रे!" नायक हसला आणि माणसे घेऊन गेला.

सासूने दार लावले. "तुला कळलं होतं?"

"काय कळायचंय, सासूबाई?"

आब्राम वाचला. सासूचा संशय मात्र दुप्पट झाला म्हणे. इतक्या सफाईने खोटे बोलणारी सून!

आजही नव्या सुनेने क्रूस ओढला की सासू विचारते, "आत काय आहे गं?" सुनेने उत्तर द्यायचे नसते. वेदेलबाईंच्या सुनेला आता नातवंडे आहेत. तिने अजून उत्तर दिलेले नाही, आणि बाईंची नजर अजून तिच्या हातांवरच असते.