भुजंगाची इंग्रजीची तिसरी खेप

बोरदरी नावाच्या गावात एक भोळा गडी राहत होता. नाव भुजंग. नाव ऐकून दचकू नका, अख्ख्या जन्मात तो कुणाला डसला नाही. उलट त्याच्या आईला, ठकूबाईला, कायम धास्ती, की ह्यालाच कुणीतरी डसेल. कारण भुजंगाला जे सांगाल ते तो करायचा. जेवढं सांगाल तेवढंच करायचा. आणि जिथं करू नये तिथं हमखास करायचा.

भुजंगाला विद्यापीठात जाऊन मराठी शिकायचं होतं. जात्यावरच्या ओव्या, भारुडं, उखाणे, सगळं त्याला तोंडपाठ. पदवी घ्यायची आणि गावच्या शाळेत मराठीचा मास्तर व्हायचं, एवढं एकच वेड. शाळेला तीन वर्षं मराठीचा मास्तर नव्हता. चित्रकलेचे सर मराठी शिकवायचे आणि पोरांकडून कवितेला रंग देऊन घ्यायचे.

पण विद्यापीठानं नियम काढला होता. मराठी शिकायला यायचंय? मग आधी इंग्रजीत लिहून दाखवा. का, ते नियमात लिहिलं नव्हतं. नियमही इंग्रजीत होता, त्यामुळे गावात कुणी विचारलं नाही.

परीक्षेला तीनदा बसता यायचं. दोन खेपा भुजंगानं घालवल्या होत्या. पहिल्या खेपेला प्रश्न आला, ‘मित्राला पत्र लिहा.’ भुजंगानं झकास पत्र लिहिलं, घडी घातली आणि टपालपेटीत टाकून मित्राला पाठवून दिलं. मित्र खूश झाला. विद्यापीठाला काहीच मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला छापून आलं, ‘खालील उतारा वाचा.’ भुजंगानं तो दोनदा वाचला आणि घरी आला.

आता राहिली तिसरी. ही गेली की दार कायमचं बंद.

ठकूबाई त्याला घेऊन तालुक्याला गेली. तिथं घोंगडे सर इंग्रजीचा क्लास चालवायचे. ठकूबाई म्हणाली, “सर, माझं लेकरू येडं नाही, भोळं आहे. एवढी खेप पार करून द्या. नाहीतर शाळेच्या फाटकाशी उभं राहून दुसऱ्यांच्या कविता ऐकत म्हातारं होईल ते. माझ्यानं नाही बघवायचं.” आणि तिनं पदर डोळ्याला लावला. घोंगडे सर विरघळले. बिचाऱ्यांना काय ठाऊक!

सरांनी पहिल्या दिवशी निबंध लिहून घेतला. भुजंगानं लिहिलं, ‘गाय उपयोगी आहे.’ इंग्रजीत लिहिलं, बरोबर लिहिलं.

सर म्हणाले, “कशावरून? भुजंगा, विद्यापीठात नुसतं विधान चालत नाही. कोण म्हणालं, कुठं म्हणालं, कधी म्हणालं, सगळं द्यायचं. कुणाचं मत वेगळं असलं तर तेही द्यायचं.”

“असं होय!” म्हणाला भुजंग. “आता तसंच करतो.”

घरी आला तर चुलतभाऊ अंकुश याला बघायला पाहुणे आलेले. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. मुलीच्या बापानं सहज भुजंगाला विचारलं, “काय हो, पोरगा निर्व्यसनी आहे ना?”

भुजंग म्हणाला, “अंकुश दारू पीत नाही, असं त्याच्या आईनं म्हटलं आहे. स्थळ चुलीपुढं, मागचा सोमवार. परंतु गणपत न्हावी यांचं मत वेगळं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अंकुशला गटारातून स्वतः बाहेर काढलं. तेव्हा अंकुश कोणतं गाणं म्हणत होता, याविषयी मात्र दोन मतं आहेत.”

पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. अर्धे पोहे तसेच. अंकुशनं भुजंगाला वेशीपर्यंत पळवला.

भुजंगानं सरांना सगळं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. “अरे, एकदम मुद्द्यावर उडी कशी मारलीस? आधी प्रस्तावना करावी. काय सांगणार ते सांगावं, मग विषय फोडून सांगावा, मग काय सांगितलं त्याचा समारोप करावा. माणूस सावध होतो, त्याला धक्का बसत नाही.”

“असं होय! आता तसंच करतो.”

परत येताना बघतो तर सरपंचांच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतलेला. भुजंग धावत सुटला. सरपंच ओसरीवर दाढी करून घेत बसले होते.

भुजंग दम खाऊन म्हणाला, “प्रस्तुत निवेदनात कडब्याच्या गंजीचा विचार करायचा आहे. निवेदनाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात गंजी म्हणजे काय ते पाहू.”

“बघू, बघू,” सरपंच म्हणाले. त्यांना वाटलं, पोरगा भाषणाची तयारी करतोय. फेस लावलेलं तोंड, जास्त बोलायची सोय नव्हती.

पहिल्या भागात गंजी रचण्याच्या पद्धती झाल्या. दुसऱ्या भागात गंजीला असणारे धोके निघाले: उंदीर, पाऊस, शेजारी. एकेकाची दोन-दोन उदाहरणं झाली. तिसऱ्या भागात आग आली. तोवर धूर ओसरीवर आला होता.

“समारोपात असं म्हणता येईल,” भुजंग म्हणाला, “की गंजी होती.”

सरपंच अर्ध्या दाढीनं धावले. राख तेवढी सापडली. त्यांनी गावादेखत भुजंगाला असल्या शिव्या घातल्या, की त्या मी इथं सांगत नाही, घरात लहान पोरं आहेत.

भुजंग गेला सरांकडं. सर म्हणाले, “काय रे देवा! एवढं पाल्हाळ? लिहिलेलं पुन्हा वाचावं आणि काटछाट करावी. जे वाचणाऱ्याला आधीच कळतं, ते काढावं. जे त्याला आपोआप कळणार आहे, तेही काढावं. उरेल तेच खरं.”

“असं होय! आता तसंच करतो.”

भुजंगाचं अक्षर मोत्यासारखं. म्हणून सरपंचांनी राग गिळला आणि त्याला एक फळी रंगवायला दिली. मजकूर लिहून दिला: ‘सावधान! पुढे कठडा नसलेली विहीर आहे. कुणीही जाऊ नये.’

भुजंग ब्रश घेऊन बसला. विचार करू लागला. विहीर आहे हे गावाला ठाऊक आहे. काढलं. परगावच्या माणसाला जवळ गेल्यावर दिसेलच. कठडा नाही, तेही दिसेल. काढलं. एकदा विहीर दिसली की कुणी आत कशाला जाईल? तेही काढलं. आता सावध राहण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून ‘सावधान’ काढलं. राहिला एक शब्द: ‘पुढे’. फळी रिकामी दिसायला लागली, म्हणून त्यानं शेजारी छानसा बाण काढला.

दुसऱ्या दिवशी सरपंचांचे मेहुणे गावात आले. फळी वाचली. आज्ञाधारक माणूस, गेले पुढं. विहिरीत छातीइतकंच पाणी होतं म्हणून वाचले. वर काढले तेव्हा त्यांच्या खिशातून एक बेडूक निघाला आणि सरपंचांच्या बायकोनं माहेरचा अपमान म्हणून दोन दिवस चूल पेटवली नाही.

आता परीक्षा चार दिवसांवर आली होती. फळीची हकिगत ऐकून घोंगडे सर ओरडले, “अरे, तो मजकूर तुझा होता का? सरपंचांचा होता ना? दुसऱ्याच्या शब्दांना हात लावायचा नाही! विद्यापीठात ह्याला चोरी म्हणतात, चोरी! जे लिहायचं ते स्वतःच्या शब्दांत. दुसऱ्याचा एक शब्द उचललास तर चोर ठरशील, समजलं?”

चोर म्हटल्यावर भुजंगानं दोन्ही कान धरले. घराण्यात कुणी काडी चोरली नव्हती.

“असं होय,” तो हळूच म्हणाला. “आता तसंच करतो.”

परीक्षेला ठकूबाईनं दही-साखर हातावर ठेवली. प्रश्न आला: ‘विद्यापीठाच्या प्रवेशाला इंग्रजी सक्तीचं असावं का? तीनशे शब्दांत लिहा.’ भुजंगाचा चेहरा फुलला. ह्यावर त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पेन उघडलं. पहिला इंग्रजी शब्द आठवला. आणि हात थांबला.

हा शब्द कुणाचा? इंग्रजांचा. दुसरा? तोही इंग्रजांचा. एकूण एक शब्द त्यांचाच! ह्यातला आपला कोणता? एकही नाही. तीनशे शब्दांची चोरी, ती पण विद्यापीठात बसून, पहारेकऱ्यांच्या समोर!

तीन तास भुजंग कोऱ्या कागदाकडं बघत बसला आणि कागद तसाच देऊन बाहेर आला. सरांना सांगताना त्याला रडू फुटलं. “मला मास्तर व्हायचं होतं, सर. पण चोर होऊन मास्तर व्हायचं नव्हतं.”

सरांना रागवावंसं वाटलं, पण रागावता येईना. गडी इंग्रजी खरंच शिकला होता, चार व्याकरणं कोळून प्यायला होता, आणि काय कामाला आलं? ते म्हणाले, “जाऊ दे. आता निदान माझ्या क्लासचे पेपर तपास. सोपं आहे. अर्थाकडं बघायचं नाही, अर्थ बघत बसलास तर वर्ष जाईल. नुसत्या चुका बघायच्या, लाल पेनानं गोल करायचे, दहापैकी मार्क द्यायचे, शेरा लिहायचा आणि ज्याचा पेपर त्याला परत.”

“असं होय!” भुजंगानं डोळे पुसले. “आता तसंच करतो.”

आणि केलं की! एका आठवड्यात चाळीस पेपर तपासले. एक चूक सुटली नाही. मग हात असा बसला, की घरात येईल तो इंग्रजी कागद तो तपासायचा. खताच्या पोत्याला सहा मार्क पडले, बिस्किटाच्या पुड्याला साडेसात.

इकडं विद्यापीठात काय झालं, ते ऐका. पेपर तपासायला मशीन आणलं होतं. मशीन दोनच गोष्टी बघायचं: नक्कल किती आणि चुका किती. बाकी साऱ्या पोरांनी एकच गाईड पाठ केलेलं. कुणाची नक्कल नव्वद टक्के, कुणाची पंच्याण्णव. भुजंगाची नक्कल शून्य. चुका शून्य. काय लिहिलं आहे, असा रकाना मशीनला नव्हताच. प्राध्यापकांनी आकडे पाहिले, आश्चर्यानं माना डोलावल्या आणि सह्या ठोकल्या. भुजंग पहिला आला!

तालुक्याला यादी लागली. घोंगडे सरांनी नाव तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं, पेढ्यांचा पुडा घेतला आणि मिळेल त्या जीपला लटकून बोरदरीत आले. ठकूबाईला बातमी सांगितली. ती मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. “मास्तर होणार! माझं लेकरू मास्तर होणार!”

“भुजंगा,” सर म्हणाले, “विद्यापीठाचं पत्र आलं असेल बघ. लांबडं पाकीट. आण लवकर. खाली एक सही करायची आणि पाठवायचं, आज शेवटचा दिवस. त्यावर दुसरी रेघ ओढायची नाही बरं का. खाडाखोड दिसली की प्रवेश रद्द, तसं यादीखालीच लिहिलंय.”

“ते पाकीट होय? ते मंगळवारीच आलं,” भुजंग म्हणाला.

“मग वाचलं नाहीस?”

“तपासलं ना. तुम्हीच म्हणालात, अर्थाकडं बघायचं नाही. बाप रे, सर, काय ते इंग्रजी! अठ्ठावीस चुका! लाल पेन संपलं.”

सरांच्या हातातला पुडा खाली पडला. “कुठाय ते?”

“ज्याचा पेपर त्याला परत. त्याच दिवशी टपालपेटीत टाकलं. कुलगुरूंच्या नावानं.”

“अरे, पण... त्यावर लिहिलंस काय?”

भुजंगानं छाती काढून सांगितलं, “दहापैकी तीन. आणि खाली शेरा: ‘विद्यापीठाचं इंग्रजी फार कच्चं आहे. एवढ्या इंग्रजीवर विद्यापीठात प्रवेश मिळणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसावे.’”