काळ्या खडकाच्या डावीकडून

फार मागची गोष्ट. किती मागची? तुमच्या पणजीच्या पणजीला दुधाचे दात यायचे होते, तेव्हाची.

एका नदीकाठी एक गाव होतं. गावात धंदे दोनच. दुधी भोपळे पिकवायचे, आणि शेजाऱ्याच्या भोपळ्यांना नावं ठेवायची. बाकी सगळे धंदे पलीकडच्या काठावर, मोठ्या पेठेत. पूर ओसरला की पेठेतले कारागीर वर्षातून एक दिवस दारं उघडी ठेवत. त्या दिवशी सोळा वर्षांचं जे पोर नदी ओलांडून येईल, त्याला हाताखाली घेत. संध्याकाळी नगारा वाजला की दारं बंद. संधी एकदाच. राहिला तो राहिला. भोपळे कुठे पळून जात नव्हते.

त्या वर्षीच्या पोरांत एक मुलगी होती. गाव तिला ठणठणी म्हणे, कारण दिसेल ते भांडं ती बोटाने वाजवून बघे. एका लग्नात तर लोक जेवत असताना हिने पंगतीतली ताटं वाजवली. तिला घंटा ओतायला शिकायचं होतं. बस्स, दुसरं काही नको. दिवस जवळ आला तसा तिचा एक पाय घरात आणि एक नदीवर. बसली की उठायची, उठली की पुन्हा बसायची.

आता अशा पोरांना मदत नको का? गावातली मोठी माणसं आपणहून पुढे आली. कुणी बोलावलं नव्हतं, म्हणूनच सगळी वेळेवर आली. चिंचेखाली रोज वर्ग भरू लागला. सगळ्यात पुढे आबा हलवाई. तरुणपणी आबा नदी ओलांडून गेले होते, पेठेत मिठाई शिकून परत आले होते. त्यांच्या शेजारी कोतवालकाका. काका कधी घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते, पण आवाज मोठा होता.

"म्हणा!" आबा ओरडत. "काळ्या खडकाच्या डावीकडून, औदुंबराकडे तोंड करून, सरळ!"

"काळ्या खडकाच्या डावीकडून..." पोरं घोकत. न चुकता म्हणेल त्याला चिक्कीचा तुकडा. त्या वर्षी गावात दात बरेच दुखले.

एके दिवशी ठणठणी उभी राहिली. "आबा, औदुंबर कुठाय?"

"समोर."

"समोर तर काहीच नाही."

"पुरात गेला असेल. तू डोळे मीट आणि आण डोळ्यांसमोर."

"डोळे मिटून नदीत जायचं?"

"ही फार बोलते," कोतवालकाका म्हणाले. "हिची चिक्की मला द्या."

नदीत एक बगळा एका पायावर उभा होता. दुसरा कुठे टेकवायचा ते अजून ठरत नव्हतं. तो म्हणाला, "अहो, दर पुरात वाळू जागा बदलते. मीच रोज चाचपतो."

"मासे खाणाऱ्याने मिठाईवाल्याला शिकवू नये," आबा म्हणाले, आणि पोरं हसली. तुम्हीही हसलात ना? हसा, हसा.

तो दिवस उजाडला. अख्खं गाव काठावर. पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती. शिकवणारे त्यांच्याहून जास्त. ज्याचं पाठांतर सगळ्यात पक्कं, तो कोतवालकाकांचा पुतण्या पहिला निघाला. काळ्या खडकाच्या डावीकडून, नसलेल्या औदुंबराकडे तोंड करून, सरळ. चार पावलांत पाणी छातीला, पाचव्यात पोरगा गायब. वर उरले नुसते बुडबुडे. काकांनी डोक्याचं पागोटं सोडून फेकलं, पोराने ते धरलं आणि काकांनी त्याला ओढून काढलं.

"तोंड नीट केलं नसशील!" काका ओरडले.

"तोंडातच तर पाणी गेलं!" पुतण्या रडला.

मग कुणी हलेना. ऊन चढलं, माथ्यावर आलं, कलू लागलं. आया मागून समजावू लागल्या. "चला रे घरी. भोपळा काय वाईट? पोटाला थंड असतो." एकेक पोर मागे सरकू लागलं. ठणठणीने पलीकडे पाहिलं. लांबून घंटेचा आवाज येत होता. अजून थोडा वेळ, की जन्मभर दुधीच वाजवायचा.

ती वळली आणि आबांसमोर उभी राहिली.

"आबा, तुम्ही पहिल्यांदा गेलात, तेव्हा तुम्हाला ही वाट कुणी सांगितली होती?"

आबांनी कनवटीला खोचलेली चिक्की चाचपली.

"कुणी नाही," ते हळूच म्हणाले. "मी... काठीने तळ शोधत गेलो होतो."

"मग काठीचं का नाही शिकवलंत?"

"तेव्हा मला रडू येत होतं गं. ते काय सांगायचं? वाट मिळाली, तेवढं सांगितलं."

आबा उठले. शेजारच्या मांडवातून त्यांनी बांबू उपसला. मांडव कोसळला, भोपळे धडाधड खाली आले.

"माझा मांडव!" कोतवालकाका किंचाळले.

"पोरांना मदत करायला आलात ना?" आबा म्हणाले. "ही झाली बघा मदत."

बांबू त्यांनी ठणठणीच्या हातात दिला, धोतर खोचलं आणि तिच्या मागे पाण्यात उतरले. पुढे नाही, मागे.

"डावीकडे!" सवयीने ते ओरडले. ठणठणीने डावीकडे बांबू टोचला. तळच लागेना. आबांनी लाजून कनवटीची चिक्की काढली आणि स्वतःच्याच तोंडात कोंबली. मग मात्र तोंडातून नुसतं "हूं, हूं."

ठणठणी टोचत गेली. इथे गाळ, इथे खड्डा, इथे कडक. दोनदा मागे आली. एकदा घसरली, तेव्हा आबांनी दंड धरला, उभी राहताच सोडला. वाट सापासारखी वळवळत गेली, कुठच्या कुठे. पण गेली. ते पाहून बाकीच्या पोरांनी मांडवाचे उरलेले बांबू उचलले. काकांचा पुतण्या सगळ्यात आधी.

ओली चिंब ठणठणी घंटावाल्याच्या दारात पोहोचली, तेव्हा तो दाराची एक फळी ओढून घेत होता.

"नदीची वाट कुणी दाखवली?" त्याने विचारलं.

"दाखवली नाही कुणी. एकजण सोबत होते. गप्प."

"असा माणूस मिळाला तुला?" घंटावाला म्हणाला. "ये आत." आणि मागे नगारा वाजला.

ठणठणी तिथे राहिली आणि घंटा ओतायला शिकली. पुढच्या पुरात ती वळणदार वाटही वाहून गेली. पण नव्या पोरांना आबांनी जुनी वाट सांगितली नाही. पोरं आपापली काठी तोडून काठावर आली आणि आबा त्यांच्या मागून पाण्यात उतरले. "या वयात काय हे पुन्हा ओलं होणं!" म्हणून बायकोने त्यांना झापलं. कोतवालकाकांचा वर्ग चिंचेखाली अजूनही भरतो. त्यांचे विद्यार्थी वाट तोंडपाठ म्हणतात आणि भोपळे उत्तम पिकवतात.

तात्पर्य: पोरांना आपली जुनी वाट पाठ करायला लावू नये, त्यांच्या हाती काठी द्यावी आणि सोबत पाण्यात उतरावं.