हळदीत बुडवलेली अळंबी

डोंगरपायथ्याच्या एका गावी एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. रानातली खाण्याजोगी अळंबी कोणती आणि विषारी कोणती, ही विद्या ते शिष्यांना देत. त्यांत एक तरुण शिष्या होती. पदरी लहानगी मुलगी. शिष्या हुशार, पण काही विचारायची वेळ आली की तिची जीभ टाळूला चिकटे.

एका सकाळी वैद्य म्हणाले, "आज माझे स्नेही जेवायला येताहेत. पिवळी अळंबी तू आण."

रानात तिने मातीतून उगवलेली अळंबी भरभर खुडली. परतताना कुजक्या ओंडक्याशी एक घोस दिसला. रंग तोच, आकारही तोच. तिने तो टोपलीत टाकला आणि वाटेत मनाला खुटखुट लागली: हा मातीतून आला होता, की लाकडातून?

अंगणात थोरली शिष्या भेटली. "ताई, एक विचारू?" एवढे म्हणेपर्यंत थोरली हसली. "अगंबाई, अजून विचारतेसच? आता तुझी लेकसुद्धा ओळखेल!"

शिष्येने प्रश्न गिळला. मग अळंबी स्वच्छ केली. जरा जास्तच स्वच्छ. देठ कापले, टोप्यांची खालची बाजू खरवडली, तुकडे केले आणि रीतीप्रमाणे हळदीच्या पाण्यात बुडवले. पातेले कसे सोन्यासारखे दिसू लागले.

पाहुणे आले. मुलगी वाटी घेऊन चुलीशी बसली. वैद्यांनी एक तुकडा उचलला, उलटून पाहिला, हुंगला. आणि सगळे पातेले परसातल्या खड्ड्यात उपडे केले. पाहुण्यांना म्हणाले, "आज पिठल्यावर भागवू या. चूक माझी."

शिष्येचे कान तापले. ते दोन शब्द तिने म्हणायचे होते. पिठले वाढताना तिला मान वर करवेना.

पाहुणे गेल्यावर ती पुटपुटली, "गुरुजी, त्यातली बरीचशी चांगलीच होती."

"होती ना. कोणती?"

तिने खड्ड्याकडे पाहिले. सगळे तुकडे सारखेच पिवळे होते.

"बाळ, खऱ्या पिवळ्या अळंबीच्या टोपीखाली बोथट शिरा असतात, फाटे फुटत देठावर उतरलेल्या. ती मातीतून येते, फाडली तर आतून पांढरी. फसवी लाकडावर घोसाने येते. तिच्या टोपीखाली पातळ, धारदार पाती असतात, आणि आतूनही ती केशरीच. तू देठ कापलेस, शिरा खरवडल्यास, पांढरेपण हळदीत बुडवलेस. आता मलाही ओळखता येईना. शंका आली, यात लाजण्यासारखे काय होते? लाजून तू शंकेचा पुरावाच पुसलास. आणि पहिली वाटी कोणाची होती?"

मुलगी भिंतीला टेकून झोपली होती, ओठांना पिठले लागलेले. शिष्येने पदर तोंडावर घेतला.

पुढल्या खेपेस तिने मातीने माखलेली, अख्ख्या देठांची अळंबी आणली. सर्वांदेखत एक वेगळी पानावर ठेवली. "हिची ओळख मला पटत नाही."

थोरली खुदकन हसली. शिष्येचे कान पुन्हा तापले, पण हात पानावरून हटला नाही. वैद्य बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"मलाही नाही," ते म्हणाले. "टाकून देऊ."

मूल पलंगावरून पडले तरी डॉक्टरांना 'जरासं घसरलं' म्हणून सांगणाऱ्या आपण आयांनी निदान देठ तरी शाबूत ठेवावेत, घडले ते घडले तसे सांगावे.